एका पेटीत दोन दाढ्या

अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील समस्त लहानथोर मंडळींना, तसेच बडनेरा, मूर्तिजापूर आणि वाटेत लागणाऱ्या इतर सर्व गावांच्या रहिवाशांना कळवण्यात येते की, दाढीवाले सरडे एका पेटीत दोन ठेवू नयेत. सख्खे भाऊ असले तरी ठेवू नयेत. त्यांतला एक पाहुणा म्हणून आलेला असला तरी ठेवू नयेत. नणंदेने आग्रह केला तरी... इथे मात्र मला थांबावं लागतं. नणंदेने आग्रह केल्यावर काय करायचं, ते सांगायलाच तर बसले आहे.

दाढीवाला सरडा म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला. हातभर लांब, मातकट रंग, अंगाच्या कडेने काट्यांची झालर आणि गळ्याखाली एक काटेरी पिशवी. राग आला की ती फुगते आणि काळीकुट्ट होते. हीच ती दाढी. एवढं सोडलं तर प्राणी इतका शांत, की त्याला खांद्यावर बसवून खुशाल भाजी निवडावी. मी निवडलेली आहे. दारावर आलेल्या कुरिअरवाल्याने ते पाहिलं आणि सही न घेताच निघून गेला.

हे आमच्या घरी कसे आले, ते थोडक्यात सांगते. माझी मुलगी आणि अकोल्याच्या माझ्या नणंदेचा मुलगा, दोघेही शिकायला पुण्याला होते. तिथे दोघांनी एकाच उबवणीतली, म्हणजे एकाच वेळी अंड्यांतून निघालेली दोन पिल्लं घेतली. पुढे मुलगी हैदराबादला गेली, मुलगा बंगळूरला गेला, आणि सरडे आपापल्या आईच्या घरी आले. मुलं नोकरीला लागली की घरात त्यांची सायकल उरते, गिटार उरते. आमच्याकडे सरडा उरला. अकोल्याचा अंगाने जास्त भरला, म्हणून तो थोरला. आमचा अमरावतीचा जरा किडकिडीत, म्हणून धाकटा.

वन्संनी थोरल्याला आनंदाने सांभाळलं. त्यांचं म्हणणं, अकोल्याच्या उन्हात टिकतो तो आपला माणूस. मे महिन्यात या प्राण्याला ऊब मिळावी म्हणून दिवा लावायचा असतो हे मुलाने फोनवर सांगितलं, तेव्हा त्या एवढ्या हसल्या की शेजारीण बघायला आली.

माझ्या नणंदबाईंविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. राम राम या विषयात त्या कडक आहेत. रस्त्याने चालल्या की भाजीवाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना राम राम, आणि उलट राम राम आलाच पाहिजे. भातकुलीच्या एका लग्नात एका दूरच्या दिराने त्यांच्या राम रामला उत्तर दिलं नाही. त्याच्या तोंडात लाडू होता, असं त्याचं म्हणणं. वन्सं पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाला गेल्या नाहीत. "लाडू गियता येते, राम राम घेता येत नाई," एवढंच त्या म्हणाल्या.

तर गेल्या हिवाळ्यात अकोल्याच्या घराची फरशी बदलायला काढली, आणि वन्सं मुक्कामाला आमच्याकडे आल्या. गाडीतून उतरल्या, आणि मागच्या सीटवरून त्यांनी शालीत गुंडाळलेली एक टोपली काढली. शालीतून थोरल्याने तोंड बाहेर काढून अमरावतीवर नजर फिरवली.

"अन् याची पेटी?" मी विचारलं.

"कायची पेटी?"

"काचेची. दिव्याची."

"वहिनी," त्या म्हणाल्या, "भावाच्या घरी येताना कोनी आपली खाट घेऊन येते का?"

 याचं उत्तर दारात उभं राहून देता येत नाही. वन्सं तरातरा आत गेल्या, धाकट्याच्या पेटीचं झाकण काढलं आणि थोरल्याला आत सोडलं. "भेट बाप्पा भावाले. किती दिवसांनी भेटून राहिले!"

आणि काय सांगू! धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं, पुढचा उजवा पाय हळूच वर उचलला आणि हवेत गोल फिरवला. अगदी सावकाश. जणू रस्त्यापलीकडच्या ओळखीच्या माणसाला हात करावा.

"राम राम केला!" वन्संनी टाळी वाजवली. "भाऊ, पाह्य पाह्य! धाकट्यानं राम राम केला!"

माझे यजमान वकील आहेत. ते चष्मा वर करून आले, पेटीत वाकले आणि म्हणाले, "खरंच की." कोर्टात त्यांचं इतक्या लवकर समाधान होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी रीघ लागली. राम राम करणारा सरडा पाहायला आधी गल्ली आली, मग गल्लीचे पाहुणे आले. गुरुकुंज मोझरीला निघालेलं एक कुटुंब वाट वाकडी करून आलं. त्यांतल्या आजोबांनी टोपी काढून धाकट्याला राम राम घातला, आणि धाकट्याने थोरल्याकडे बघत पाय फिरवला. लोक धन्य झाले. वन्सं पेटीशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि समजावून सांगू लागल्या, "हा मोठा, हा लहान. एकाच मायचे. पाहा, लहान कसा मान देते!" मलाही मजा येत होती, खोटं कशाला सांगू. चहा मी करत होते आणि कौतुक वाटून घेत होते.

त्यात थोरला धाकट्याच्या पाठीवर चढून झोपायला लागला. दिव्याखाली एक सपाट दगड होता. त्यावर धाकटा, धाकट्यावर थोरला. एकाच्या पाठीवर दुसऱ्याचं पोट. "पोटाशी घेतलं वो भावाले," वन्सं म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. तो फोटो दोन्ही घरांच्या ग्रुपवर गेला. खाली फुलं, हात जोडलेले, बदाम.

फक्त माझ्या मुलीने काही टाकलं नाही. तिने थेट फोन केला.

"आई, ते दोघं एकत्र का आहेत?"

"अगं, आत्या आलीय. बघ ना किती प्रेम आहे."

"प्रेम नाही ते! मोठा त्याच्यावर बसून त्याची ऊब घेतोय. खालच्याला दिवा मिळतच नाहीये. आणि तो हात करतो ना, तो राम राम नाही. 'मी हरलो, मला मारू नको' असं म्हणतोय तो. हे एकटे राहणारे प्राणी आहेत, आई. भाऊबीऊ त्यांच्यात काही नसतं. तो जेवतो का?"

मी पेटीकडे पाहिलं. शेवग्याचा पाला तसाच. किसलेला लाल भोपळा तसाच, वर सुकून कडा वळलेल्या. मागे वळून विचार केला, तर धाकट्याने शेवटचं कधी खाल्लं ते मला आठवेना. पाहुण्यांच्या गर्दीत ताटली रिकामी होत होती एवढंच मी पाहत होते. ती कोण रिकामी करत होतं, ते पाहिलं नव्हतं. आता ताटलीही भरलेलीच, कारण थोरल्याचं पोट भरलं होतं आणि धाकटा जवळ जात नव्हता.

मी त्याला उचलून हातात घेतला. शेपटीच्या मुळाशी जिथे मांस असायचं तिथे हाड लागलं. पोटावर काळ्या रेघा उमटल्या होत्या. पूर्वी हातावर घेतला की तो मान वर करून माझ्या चष्म्याकडे बघायचा. आता डोळे मिटून पडला.  हा जीव माझ्या मुलीने माझ्या भरवशावर ठेवला होता, आणि तो माझ्या घरात, दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर, उपाशी मरायला लागला होता.

मी त्याच संध्याकाळी वन्संना म्हणाले, "थोरल्यासाठी आपण दुसरी पेटी करू."

वन्संनी हातातली वाटी खाली ठेवली.

"काहून?"

"धाकटा जेवत नाही."

"त्याले सर्दी झाली असन."

"पोरगी म्हणते, दोघांना वेगळं ठेवा."

"पोरगी काई म्हनते! मोबाईलात पाहून म्हनते." मग आवाज खाली आला, आणि ते जास्त वाईट. "पाहुना आला त्याले तुमी वेगयं बसवता, वहिनी? पंक्तिभेद करता? माह्या पोराचा जनावर हाये म्हनून? तसं असन तर सांगा. मी उद्याच्या गाडीनं जाते. फरशी नसन तर मातीत झोपीन."

पंक्तिभेद! आमच्या भागात एकाला पंगतीतून उठवून वेगळं वाढणं, यापेक्षा मोठा अपमान कुणी शोधून काढलेला नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र वर उचललं. "दोन्ही पक्ष माझ्या नात्यातले आहेत," वर्तमानपत्र म्हणालं, "मला हे वकीलपत्र घेता येत नाही."

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते भले गृहस्थ म्हणाले की म्हैस असती तर लगेच सांगितलं असतं, पण उपाशी असेल आणि गारठ्यात असेल तर आधी ऊब द्या, कोमट पाण्यात बसवा. मी दिवसातून दोन-तीनदा धाकट्याला बाहेर काढून उन्हात धरू लागले. पण पुन्हा पेटीत ठेवला की तो पाण्याच्या वाटीमागे, गार कोपऱ्यात. आणि वन्सं पेटीशेजारी खुर्चीत. त्यांना दुखवून थोरल्याला उचलणं म्हणजे अकोल्याशी संबंध तोडणं. न उचलणं म्हणजे धाकट्याला घालवणं.

मग रविवारी दुपारी मला सुचलं. सुचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच होते, तरी मी कुकरला वाकून नमस्कार केला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी वर्षानुवर्षं मुलांकडून नाटकं बसवून घेतली आहेत. खलनायक प्रेक्षकांना सांगून कळत नाही, त्यांना तो स्वतः दिसावा लागतो.

मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं एक घमेलं भरलं, पेटीसमोर दोन खुर्च्या मांडल्या आणि वन्संना बोलावलं. शेंगा सोलता सोलता, अगदी सहज, जसं मीठ बरोबर झालंय का विचारावं तसं विचारलं, "वन्सं, धाकटा एवढे राम राम करतो. तुमचा थोरला एकदा तरी परत करतो का हो?"

वन्संचा हात शेंगेवर थांबला.

"करत असन ना. तुमी पायलं नसन."

"तेच म्हटलं. मी चहातच असते. तुम्ही पाहिलं असेल."

 वन्सं शेंग सोलताना शेंगेकडे बघायच्या, त्या आता पेटीकडे बघू लागल्या.

थोरला दगडावरून उतरला. दोन पावलं धाकट्याकडे आला. धाकट्याने वाटीमागून पाय उचलला आणि फिरवला. थोरल्याची दाढी काळी झाली, आणि त्याने मान खालीवर केली. जोरात, झटके देत.

"हे पाहा!" वन्सं खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "केला ना! मान हालवली. हो म्हनून राहिला!"

"हो म्हणतोय," मी कबूल केलं. एक शेंग सोलली. दाणे तोंडात टाकले. "वन्सं, राम रामला कुणी 'हो' म्हणतं का?"

वन्संनी सोललेली शेंग न खाताच घमेल्यात टाकली.

"म्हणजे मी तुम्हाला हात जोडून राम राम म्हटलं," मी पुढे म्हटलं, "आणि तुम्ही हात न जोडता नुसती मान हलवली, छाती काढून. तर त्याला आपल्याकडे काय म्हणतात?"

वन्सं पेटीकडे बघत होत्या. धाकट्याने पुन्हा पाय फिरवला. थोरल्याने पुन्हा मान झटकली. मग तो सरळ चालत गेला, धाकट्याच्या अंगावर चढला आणि चारही पाय पसरून बसला. खाली धाकट्याने डोळे मिटून घेतले.

"माज," वन्सं म्हणाल्या. "माज म्हनतात त्याले."

आणि मग त्या उठल्या. मी आयुष्यात पुष्कळ नाटकं पाहिली, पण असा प्रवेश पाहिला नाही. त्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं.

"काहून रे? लाज वाटते का तुले? ते पोट्टं तुले सकायपासून राम राम करून राहिलं अन् तू त्याच्या डोक्शावर बसतं? मी तुले अकोल्याहून शालीत घालून आनलं, हे दाखवाले? घरी कोनं शिकवलं तुले असं?" मग माझ्याकडे वळल्या. "तुमी काय शेंगा खाऊन राहिल्या, वहिनी? काढा याले बाहेर! आत्ताच्या आत्ता! याले वेगयं ठेवा. याची लायकी नाई चार जनांत बसाची."

मी अत्यंत गंभीर चेहऱ्याने झाकण काढलं. माझ्या मनात बॅण्डबाजा वाजत होता. वेगळं ठेवा असं या वेळी मी स्वतः म्हटलं नव्हतं! वाईटपणा माझ्याकडे नाही, अकोला आमच्याकडे शाबूत, आणि थोरला माझ्या हातात, दाढी फुगवून.

आता थोरल्याला ठेवायचं कुठे? वन्संनी घरभर नजर फिरवली आणि ती त्यांच्या भावाच्या काचेच्या कपाटावर येऊन थांबली. त्यात कायद्याची जाडजूड पुस्तकं होती.

"भाऊ, हे रिकामं कर."

"ताई, ते माझे संदर्भ आहेत!"

"मंग त्याईले पलंगावर ठेव. त्याईले ऊब नाई लागत."

खालचा कप्पा रिकामा झाला. एका बाजूला हवेसाठी जाळी ठोकली. दुसऱ्या दिवशी आमचे वकीलसाहेब अकोल्याला जाऊन थोरल्याचा दिवा आणि उन्हासारखा उजेड देणारी नळी घेऊन आले; पेटी गाडीत मावली नाही. दिव्यासाठी होल्डर घ्यायला मी गेले, तर दुकानदाराने विचारलं, "कोंबडीचे पिल्लं ठेवून राहिले काय?" मी म्हटलं, नाही, पाहुणे आलेत. मुलीने फोनवर बजावलं की दोघांना एकमेकांचं तोंडही दिसू देऊ नका. वन्संनी आपली जुनी साडी दुहेरी करून मध्ये टांगली. थोरला नव्या कप्प्यात दिव्याखाली पसरला, भोपळा खाल्ला आणि पाच मिनिटांत त्याची दाढी पांढरी झाली. त्यालाही बिचाऱ्याला एकटंच राहायचं होतं. त्याचाही दोष नव्हताच म्हणा. पण हे मी वन्संना सांगितलं नाही. त्या अजून त्याच्याशी बोलत नव्हत्या.

धाकटा मात्र खाईना.

आता त्याच्या दगडावर फक्त तो होता. दिवा सगळा त्याचा होता. पोटावरच्या रेघा फिकट झाल्या, डोळे उघडे राहू लागले. पण पाला पुढे केला की मान फिरवायचा. जास्वंदाचं फूल आणलं, एरवी ते तो पाकळी न ठेवता संपवायचा. त्याने त्याच्यावर हनुवटी टेकवली आणि बसून राहिला. वन्सं खुर्ची सोडून फिरू लागल्या. दारावर आलेल्या लोकांना त्यांनी परत पाठवलं. एकदा माझ्या मागे स्वयंपाकघरात आल्या, ओट्याला हात लावून उभ्या राहिल्या.

"वहिनी, आपन उशीर तर नाई केला?"

 मी त्यांना पोळ्या लाटायला दिल्या.

आता उपाय एकच उरला होता, अळ्या. जिवंत हलणारी गोष्ट दिसली की हा प्राणी राहवून घेत नाही. आमच्याकडे डब्यात अळ्या असतात, मागच्या अंगणात. वन्सं तो डबा दिसला की पदर नाकाला लावून दुसऱ्या खोलीत जातात. त्यांच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. थोरल्याला अळ्या त्यांची कामवाली घालायची, गच्चीवर, आणि ते वन्संना माहीत नाही असं दोघींनी ठरवलेलं होतं.

सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा मी धाकट्याला कोमट पाण्यातून काढून, पुसून, मांडीवर घेऊन बसले. वन्संची पूजा नुकतीच झाली होती. सोवळ्याचं लुगडं, कपाळावर ओलं गंध, हातात फुलांची परडी, अशा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डबा दिसूनही आत गेल्या नाहीत. मी चिमट्यात अळी धरून धाकट्याच्या तोंडापुढे नेली. त्याने मान फिरवली. पुन्हा नेली. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा अळी चिमट्यातून सुटून फरशीवर पडली, वळवळत निघाली.

धाकट्याने मान वाकडी केली. एक डोळा खाली, अळीवर.

"पाहून राहिला," वन्सं कुजबुजल्या.

मला हलता येईना. माझा एक हात त्याच्या पोटाखाली होता, दुसऱ्यात चिमटा. जरा हललं तर तो दचकणार, आणि अळी तर फरशीच्या फटीकडे चाललेली. "गेली, गेली!" मी म्हणाले.

परडी खाली पडली. जास्वंदं अंगणभर झाली. वन्सं खाली बसल्या, दोन बोटांनी अळी उचलली, डोळे घट्ट मिटले, आणि हात लांब करून धाकट्याच्या तोंडापुढे धरला.

चिकट गुलाबी जीभ बाहेर आली. टपकन आवाज झाला. धाकट्याने दोनदा चावलं, गिळलं, आणि मान वर करून आणखी आहे का ते पाहिलं.

वन्संनी एक डोळा उघडला. आपली रिकामी बोटं पाहिली. मग धाकट्याचं हलणारं तोंड पाहिलं. आणि आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "खाल्लं वो वहिनी, खाल्लं! अजून एक द्या लवकर, अन् भाऊले म्हना पानी तापव, मले आता पुन्हा आंघोय करा लागते!"